आधी दुकान बघा, मग मेनू: मलेशियातल्या साध्या ठिकाणी पाच जणांचं जेवण

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून पाच जण येताय, क्वालालंपूरला चार दिवस आणि पिनांगला तीन. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि आषाढी एकादशी नेमकी सहलीत येतेय. सासरे मासे-चिकन खातात, बीफ आणि पोर्क नाही. मुलाला तिखट सोसत नाही. तुम्हा दोघांना सगळं चालतं. टूरवाला म्हणतोय की रोज रात्रीची इंडियन रेस्टॉरंटची कुपनं घेऊन टाका. तुम्हाला मात्र रस्त्याकडेच्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या साध्या ठिकाणी बसायचंय, पण ‘मेनू कळणार नाही, आणि कुणाच्या तरी ताटात नको ते येईल’ ही धास्ती आहे.

मी बरीच वर्षं इथेच आहे. आधी हॉटेलच्या किचनमध्ये होतो, आता भारतातून येणाऱ्या ग्रुपच्या खाण्यापिण्याची सोय बघतो. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा लागेनासा झाला, तेव्हापासून आपल्याकडची कुटुंबं खूप येतात आणि हाच प्रश्न विचारतात. माझं उत्तर असं की कुपनं घेऊ नका, निदान सगळ्या दिवसांची तरी नकोत. आणि मेनूची काळजी सोडा, कारण मेनू वाचून इथे फारसं काही हाती लागत नाही. हे किचन कोणाचं आहे ते आधी ओळखायचं. ते ओळखलं की ताटात काय येऊ शकतं आणि काय येणारच नाही, हे मेनू न उघडता सांगता येतं.

कारण असं की आपल्याकडे ‘व्हेज’ म्हटलं की समोरच्याला सगळा अर्थ पोचतो, आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. इथे तो ठिपका नाही. वेटरला तुम्ही ‘व्हेजिटेरियन’ म्हणालात तर तो भाजीची डिश आणून देतो, आणि त्या भाजीत बलाचान असतं. बलाचान म्हणजे सुकवून, आंबवून केलेली कोळंबीची वडी. ती त्याच्या लेखी मसाल्यात मोडते, मांस-मच्छीत नाही. तो तुम्हाला फसवत नसतो. हलालचा शिक्का सगळीकडे दिसेल, पण त्याने पोर्क आणि दारू नाही, आणि मांस असलं तर ते हलाल पद्धतीचं आहे, एवढंच कळतं. शाकाहाराशी त्याचा काही संबंध नाही. उलट मुलासाठी जेलीच्या गोळ्या घेतल्यात आणि त्यावर हलालचा शिक्का असला, तरी आतलं जिलेटिन बऱ्याचदा गाई-बैलाचं असतं. पाकिटावरचे घटक वाचा.

तेव्हा दुकानांकडे वळू.

तुम्हाला सगळ्यात जास्त दिसेल ते मामाक. तमिळ मुसलमानांची ही उपाहारगृहं, बरीचशी चोवीस तास उघडी. बाहेर फुटपाथपर्यंत टेबलं, भिंतीवर टीव्ही, फुटबॉलची मॅच असली की रात्री दोनलाही जागा मिळत नाही. पोर्क आणि दारू इथे अजिबात नसते. बीफ असतं. सासऱ्यांनी लक्षात ठेवायचा शब्द ‘दागिंग’: शब्दशः अर्थ मांस, पण व्यवहारात बीफ. आयाम म्हणजे चिकन, इकान म्हणजे मासा, उदांग कोळंबी, सोतोंग माकूळ, काम्बिंग मटण, तलूर अंडं. मुर्ताबाक नावाचा भरलेला जाड पराठा दिसला तर आत आयाम आहे की दागिंग हे विचारूनच मागवा, दोन्ही प्रकार एकाच तव्यावर होतात.

नको म्हणायला ‘ताक माउ’ (ताकाशी संबंध नाही) आणि आहे का विचारायला ‘आडा’. ‘दागिंग ताक माउ.’ ‘आडा बलाचान?’ एवढ्यावर काम चालतं. शिवाय टेबलावर येणारा पोरगा बऱ्याचदा बांगलादेशी, नेपाळी नाहीतर तामिळनाडूचा असतो, त्यामुळे मोडक्यातोडक्या हिंदीतही भागतं. हाक मारायची ती ‘बॉस’ म्हणून. तोही तुम्हाला बॉसच म्हणेल. तमिळ माणूस असेल तर ‘अन्ने’, म्हणजे अण्णा.

मामाकमधलं मुख्य आकर्षण रोटी चनाय. तव्याजवळचं टेबल मिळालं तर मुलाला तिथेच बसवा. मैद्याचे गोळे मार्गरिन किंवा तेलात मुरवून ओळीने मांडलेले असतात. माणूस एक गोळा तळव्याने चपटा करतो, कडेला धरून दोन-तीनदा हवेत फिरवून आपटतो, तो पातळ होत होत पलीकडचं दिसेल इतका पारदर्शक होतो. मग त्याची चौकोनी घडी घालून तव्यावर टाकायची, आणि उतरवल्यावर दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखी दाबायची म्हणजे पापुद्रे सुटतात. ही शेवटची टाळी ज्याच्या दुकानात वाजत नाही, तिथली रोटी चिवट लागते असं माझं मत आहे. सकाळी गरम तव्याची खावी. आधीच करून रचून ठेवलेल्या चवडीतली देत असतील तर दुसरं काहीतरी मागवा.

साध्या रोटीला ‘कोसोंग’ म्हणतात, म्हणजे रिकामी. अंड्याची ‘तलूर’, कांद्याची ‘बावांग’. मुलासाठी ‘रोटी तिसू’ मागवा: कागदासारखी पातळ, साखर आणि कंडेन्स्ड मिल्क लावलेली, टोपीसारखी उभी करून आणतात, जवळजवळ त्याच्या डोक्याएवढी उंच. तिखटाचा प्रश्नच मिटला.

आता सासूबाई. साध्या रोटी चनायच्या पिठात काही ठिकाणी अंडं घालतात, काही ठिकाणी नाही, आणि विचारलं तर गर्दीच्या वेळी ‘नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. शिवाय त्याच तव्यावर तलूर आणि मुर्ताबाक चाललेलं असतं. म्हणून मामाकमध्ये त्यांच्यासाठी मी नेहमी तोसाई सांगतो, म्हणजे आपला डोसा. त्याचा तवा पुष्कळ ठिकाणी वेगळा असतो, बघून खात्री करा. सोबत खोबऱ्याची पांढरी चटणी आणि डाळ. इथे एक खाच आहे. रोटी असो की तोसाई, स्टीलच्या ताटात डाळ आणि माशाचा रस्सा शेजारी शेजारी ओततात, कधी एकमेकांवर. म्हणून ऑर्डर देतानाच ‘डाल साजा, कुआह इकान ताक माउ’ असं सांगा: फक्त डाळ, माशाचा रस्सा नको. ताट आल्यावर सांगून उपयोग नाही. आणि डाळ वेगळी, ‘डालचा’ वेगळं. भाताबरोबर मिळणाऱ्या डालच्यात बऱ्याचदा मटणाची हाडं शिजलेली असतात. वरून दुधी-वांगं दिसतं म्हणून फसू नका.

चहाबद्दलही सांगतो, कारण आपल्या लोकांची पहिली तक्रार तीच असते. तेह तारिक म्हणजे दोन मगांतून उंचावरून ओढून फेस आणलेला, कंडेन्स्ड मिल्कचा चहा. गोड, म्हणजे आपल्या जिभेलाही फार गोड. ‘कुरांग मानिस’ म्हणा, गोडी कमी होईल. बिनदुधाचा हवा तर ‘तेह ओ’. साखर अजिबात नको असेल, घरात कुणाला डायबिटिस असेल, तर ‘तेह सी कोसोंग’: त्यात कंडेन्स्डऐवजी बिनसाखरेचं आटवलेलं दूध असतं. आल्याचा हवा तर ‘तेह हालिया’. साधं कोमट पाणी ‘आयर सुआम’ म्हणून मागता येतं, ज्येष्ठांना ते बरं पडतं. पाण्याचेही थोडे पैसे लावतात, त्यावरून वाद घालू नका.

मामाकचाच दुसरा प्रकार नासी कंदार, पिनांगची खासियत. पूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले भात आणि रस्से कावडीने खांद्यावरून विकायचे, त्या कावडीच्या दांड्याला कंदार म्हणत. आज ते काचेच्या काउंटरमागे उभे असतात. हे तुम्ही दोघांनी खाल्लंच पाहिजे, सासऱ्यांनीही, पण त्यांनी एक गोष्ट सांभाळून. काउंटरमागचा माणूस ताटात भात घेतो, तुम्ही बोट दाखवाल तो तुकडा ठेवतो, आणि मग त्याचा डाव एका पातेल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा सरसर फिरतो. चिकनचा रस्सा, माशाचा, बीफचा काळपट दाट रस्सा, सगळं भातावर. याला ‘कुआह चाम्पूर’, मिश्र रस्सा म्हणतात, आणि भात बुडेपर्यंत ओतला तर ‘बंजिर’, म्हणजे पूर. चवीला खरी मजा त्या मिश्रणातच आहे. पण तुम्ही चिकनचा तुकडा घेतलात म्हणून रस्साही चिकनचाच असेल असं नाही. ताट त्याच्या हातात असतानाच सांगायचं: ‘कुआह आयाम साजा, दागिंग ताक माउ.’ तीन सेकंदांचा खेळ असतो. डाव मात्र सगळ्या पातेल्यांत तोच फिरतो. तेवढंही चालत नसेल तर सासऱ्यांसाठी नासी कंदार नाहीच. सासूबाईंना तर इथे आणूच नका. भेंडी आणि कोबी काउंटरवर दिसेल, पण तिच्यावरून किती डाव गेलेत ते सांगता येणार नाही.

नासी कंदारला भावाचंही तेवढं बघा. मोठी कोळंबी किंवा माशाची गाबोळी घेतली की ताटाची किंमत झटकन चढते. घ्यायच्या आधी विचारा, त्यात कमीपणा नाही, इथली माणसंही विचारतात.

मलाय खानावळी, म्हणजे नासी चाम्पूरची ठिकाणं, तुम्हा दोघांसाठी उत्तम आणि सासूबाईंसाठी सगळ्यात कठीण. पंधरा-वीस पदार्थ मांडलेले असतात, आपण वाढून घ्यायचं, काउंटरवरचा माणूस ताटाकडे बघून आकडा सांगतो. भाज्या भरपूर असतात, पण कांगकुंगमध्ये (इथली एक पालेभाजी) बलाचान, फरसबीत सुकी कोळंबी, नारळाच्या दुधातल्या भाजीतही सुकी कोळंबी. नासी लमाकचंही तेच. भात नारळाच्या दुधात पांडानचं सुवासिक पान घालून शिजवलेला, सोबत शेंगदाणे, काकडी, अंडं, सुके बारीक मासे आणि सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. अंडं आणि मासे बाजूला काढून उरलेलं सासूबाईंना द्यावं असं वाटेल. पण तो लाल सांबालच बलाचान किंवा त्या सुक्या माशांवर बेतलेला असतो. म्हणजे उरतात भात, काकडी आणि शेंगदाणे. बाकी तुमच्यासाठी सकाळी केळीच्या पानात बांधलेला लहान पुडा घ्या, दोन-चार रिंगिटमध्ये (इथलं चलन) येतो. नासी लमाक, रोटी चनाय आणि तेह तारिक असलेल्या इथल्या न्याहारीच्या संस्कृतीला युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधीही लोक सकाळी सातला रांग लावतच होते.

मग कोपितियाम, चिनी लोकांचं कॉफीचं दुकान. आत वेगवेगळे गाडे असतात, प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि जागेचा मालक फक्त पेयं विकतो. आधी टेबल पकडायचं, टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, मग गाड्यांवर जाऊन ऑर्डर आणि नंबर सांगायचा. ताट आलं की त्या त्या माणसाला तिथेच रोख द्यायचे. पेय घेणं अपेक्षित असतं, नाही घेतलं तर काही ठिकाणी थोडे पैसे लावतात. अनोळखी लोक तुमच्या टेबलावर येऊन बसतील, तशी पद्धतच आहे.

बहुतेक कोपितियाममध्ये पोर्क असतं, आणि त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे डुकराची चरबी. चार क्वे त्याओ, म्हणजे मोठ्या आचेवर परतलेल्या तांदळाच्या चपट्या नूडल्स, पारंपरिक पद्धतीत त्याच चरबीत करतात. मांसाचा तुकडा दिसत नसला तरी चरबी असते. सासऱ्यांसाठी ‘नो पोर्क, नो लार्ड’ असं लिहिलेली दुकानं शोधा. हे शब्द इथे पाटीवर सर्रास असतात आणि चिनी मावशींना इंग्रजीत बोललेलंही समजतं. हाइनानी चिकन राइस त्यांना आणि मुलाला, दोघांनाही आवडेल: उकडलेलं किंवा भाजलेलं चिकन, चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात, तिखट चटणी वेगळ्या वाटीत. पिनांग आणि क्वालालंपूरमध्ये एकाच नावाने वेगळे पदार्थ मिळतात हेही लक्षात ठेवा. क्वालालंपूरची होक्किएन मी (‘मी’ म्हणजे नूडल्स) काळ्या सोया सॉसमध्ये परतलेली, पिनांगची होक्किएन मी म्हणजे कोळंबीच्या तिखट सूपमधल्या नूडल्स. लाक्सा या रस्सेदार नूडल्सचंही तसंच, पिनांगचा आसाम लाक्सा बांगड्याच्या जातीच्या माशाचा आंबट रस्सा, त्यात नारळ नाही.

शाकाहारी माणूस पिनांगला सगळ्यात हमखास फसतो तो रोजाकला. अननस, काकडी, पेरू, आंब्याच्या फोडी, वर कुटलेले शेंगदाणे. फ्रूट चाटच म्हणाल. त्यावरचा काळा चकचकीत सॉस कोळंबीचा असतो. गेल्या वर्षी ग्रुपमधल्या एक काकू दोन घास खाऊन ‘चिंचगुळाची चटणी छान झालीये’ म्हणाल्या, तेव्हा गाड्यावरच्या माणसाने निरागसपणे कोळंबीचा डबाच उघडून दाखवला. आणि कोपितियामच्या न्याहारीतला काया टोस्ट: लोणी आणि नारळाचा जॅम असं दिसतं, पण काया अंड्याशिवाय होत नाही. तुम्ही मात्र तो खा, सोबत अर्धी उकडलेली अंडी, सोया सॉस आणि पांढरी मिरपूड.

आता सासूबाईंसाठी चांगली बातमी, आणि ती याच चिनी लोकांकडून येते. बौद्ध शाकाहाराची इथे मोठी परंपरा आहे. कोपितियाममध्ये किंवा स्वतंत्र दुकानात शाकाहारी गाडे असतात. पाटीवर बऱ्याचदा डावीकडे वळलेलं स्वस्तिक दिसेल, ती खूण समजा. परंपरा पाळणाऱ्यांकडे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या मंडळींना मी बेधडक तिथे नेतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, पुष्कळ चिनी लोक शाकाहार करतात. त्या दिवशी गर्दी असते आणि पदार्थही जास्त मांडलेले असतात. दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. एक, तिथे सोया आणि गव्हाच्या चिकाचं ‘बदक’, ‘मासा’, ‘चिकन’ मिळतं आणि ते हुबेहूब दिसतं. सासूबाईंना आधी सांगितलं नसेल तर त्या उठून जातील. दोन, काही ठिकाणी अशा पदार्थांत अंडं घालतात, तेवढं विचारा. टोफू, वांगी, भेंडी, मशरूम आणि भात घेतला की प्रश्न उरत नाही.

आणि अर्थात केळीच्या पानावरचं दक्षिण भारतीय जेवण. क्वालालंपूरचं ब्रिकफील्ड्स आणि पिनांगच्या जॉर्ज टाउनमधलं लिटल इंडिया, दोन्ही भागांत पायी फिरलात तरी सापडेल. भात, तीन भाज्या, पापड, सांबार किंवा डाळ, रसम, ताक, आणि भाज्या पुन्हा पुन्हा वाढतात. मांसाहारी लोक मटण-मासे वेगळे मागवतात, म्हणून पाचही जण एका टेबलावर सुखाने बसतील अशी ही जागा. इथे ‘सैवम’ म्हणा, तमिळ माणसाला सगळं कळतं, ‘व्हेजिटेरियन’पेक्षा नेमकं कळतं. पण फक्त शाकाहारी दुकान आणि शाकाहारीही मिळणारं दुकान यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारात वाढपी माशाच्या रश्श्याची बादली घेऊनही फिरत असतो, त्याला पान दाखवून हाताने नको म्हणा. जेवण झालं की पान स्वतःकडे दुमडायचं. बाटू केव्ह्जला, म्हणजे क्वालालंपूरजवळच्या गुहेतल्या मुरुगन मंदिराला, तर तुम्ही जाणारच. त्या २७२ पायऱ्या उतरून आल्यावर खालीच दक्षिण भारतीय शाकाहारी उपाहारगृहं आहेत. त्या दिवशीचं दुपारचं जेवण तिथेच धरा.

इथवर आल्यावर एक गोष्ट तुम्हालाच ठरवावी लागेल, ती मी ठरवू शकत नाही. सासूबाईंचा शाकाहार नेमका किती कडक आहे? ताटात नको ते आलं नाही म्हणजे झालं, अशा असतील तर मामाक, केळीचं पान, चिनी शाकाहारी, मेडान सलेरा (आपल्या भाषेत फूड कोर्ट) असं सगळं खुलं आहे. पण त्याच तव्यावर, त्याच डावाने झालेलं चालत नसेल तर मामाकमध्ये त्यांनी फक्त चहा घ्यावा, आणि जेवण निव्वळ शाकाहारी दुकानातच. हे त्यांना पुण्यातच विचारा. इथे टेबलावर बसल्यावर विचारलंत तर त्या संकोचाने ‘चालेल’ म्हणतील आणि उपाशी राहतील. हे मी फार वेळा पाहिलंय.

थोडक्यात वाटणी करायची तर सकाळ मामाकमध्ये, पाचही जण. दुपार केळीचं पान किंवा चिनी शाकाहारी. संध्याकाळी ज्यात शाकाहारी गाडा आहे असं फूड कोर्ट शोधायचं आणि प्रत्येकाने आपापलं आणायचं. नासी कंदार आणि मलाय खानावळ यासाठी एखाद्या दुपारी तुम्ही दोघं आणि सासरे वेगळे निघा. सासूबाई आणि नातू तेवढ्यात चेंडोल खातील: किसलेला बर्फ, पांडानच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध आणि ताडगुळाचा पाक. त्यात अंडं-मांस काही नाही. पुटू मायाम दिसला तर जरूर घ्या, वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, खोबरं आणि गूळ. कोकणातल्या माणसाला शिरवाळे आठवतील. कुइह नावाचे रंगीत गोड पदार्थ सगळीकडे असतात. ओंदे-ओंदे (आत पातळ गूळ, बाहेर खोबरं) बिनधास्त, पण सेरी मुकाच्या वरच्या हिरव्या थरात बहुधा अंडं असतं.

एकादशीचं म्हणाल तर इथे अगदी सोपं आहे. कापलेली फळं रस्तोरस्ती मिळतात. त्यावर आंबट आलुबुखाराची पूड टाकू का असं विचारतात, नको म्हणा. शहाळं, उकडलेल्या शेंगा (काचांग रेबुस), उकडलेली रताळी पासार मालामला, म्हणजे रात्रीच्या बाजारात मिळतात. तळलेली केळी आणि रताळी मात्र पिठात बुडवलेली असतात, ती उपासाला नाहीत, एरवी जरूर खा. आणि सागू गुला मलाका: साबुदाण्याचं थंड पुडिंग म्हणा हवं तर, वर नारळाचं दूध आणि ताडगूळ. खरा सागू सागो पामच्या खोडाचा आणि आपला साबुदाणा टॅपिओकाचा, तेव्हा उपासाला चालतो की नाही हा निर्णय सासूबाईंवर सोपवा. माझ्या ग्रुपमधल्या बहुतेकींनी चालवून घेतलाय.

वेळेचंही बघा. शुक्रवारी दुपारी साधारण एक ते अडीच नमाजामुळे मलाय आणि काही मामाक दुकानं बंद किंवा अर्धवट चालू असतात. त्या वेळेला केळीचं पान किंवा चिनी दुकान गाठा.

पैशांचं शेवटी. रोटी चनाय दीड-दोन रिंगिट, चहा दोन-तीन. रिंगिटचा दर बदलत असतो, हिशेबाला निघतानाचा दर धरा. साध्या ठिकाणी टिप देत नाहीत, सर्व्हिस चार्जही नसतो. एसीच्या ठिकाणी बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ६ टक्के कर दिसेल, तो नेहमीचाच आहे. मामाकमध्ये उठायच्या आधी ‘बॉस, किरा’ म्हणा. तो येऊन रिकाम्या ग्लासांवर आणि ताटांवर एक नजर टाकतो, चिठोऱ्यावर आकडा लिहितो, आणि पैसे बाहेर जाताना काउंटरवर द्यायचे. म्हणून हिशेब होईपर्यंत ग्लास एकमेकांत घालून ठेवू नका. सुटे जवळ ठेवा, कोपितियामच्या गाड्यांवर पन्नासची नोट काढली की कपाळाला आठ्या पडतात. चिनी सीफूडच्या ठिकाणी गेलात तर मासा वजनावर असतो, भाव शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो, आणि टेबलावर न मागता ठेवलेले शेंगदाणे व ओले टिश्यू फुकट नसतात. नको असतील तर बसल्या बसल्या परत द्या.

पिनांगला हॉटेल जॉर्ज टाउनमध्ये घेतलंय की बाटू फेरिंगीच्या किनाऱ्यावर, ते कळवा. किनाऱ्यावर असेल तर सासूबाईंच्या जेवणासाठी बहुधा गावात यावं लागेल. बसने बराच वेळ जातो, मग संध्याकाळचं सगळं वेळापत्रक वेगळं आखावं लागेल.